मुरलेल्या तक्रारी

समोर उभ्या असलेल्या माणसाची तक्रार पंच ऐकत नसत. तुम्ही बागबाजारातले ते तीन जिने चढून, धापा टाकत त्यांच्या दारात उभे राहिलात आणि "काका, माझ्यावर सरळसरळ अन्याय झालाय," एवढं म्हणालात, की ते टेबलावरचं वर्तमानपत्र उचलत आणि हुगळीच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्याने वाचू लागत. "भरती, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. ओहोटी, दुपारी चार वाजून..." तुम्ही आवाज चढवलात की तेही चढवत. तुम्ही दमून गप्प बसलात की पेपर खाली ठेवून अत्यंत गोड आवाजात म्हणत, "कोपऱ्यावर पोस्टाची पेटी आहे. कार्ड नसेल तर मी देतो."

मग तो माणूस त्यांच्याच टेबलाशी बसून, त्यांच्याच टाकाने, त्यांनीच दिलेल्या कार्डावर तक्रार लिहायचा, खाली जाऊन पेटीत टाकायचा आणि घरी जायचा. दोन दिवसांनी ते कार्ड तेच तीन जिने चढून वर यायचं. घरमालकीण खालून ओरडायची, "ओ बोर्गीबाबू, आपनार चिठी!"

बोर्गी म्हणजे आपले बारगीर, कधी काळी बंगाल लुटायला आलेले मराठे. त्यांना अडवायला कलकत्तेकरांनी जो खंदक खणला तो बागबाजारातूनच सुरू होत होता. पंच म्हणत, "बाहेर ठेवायला खंदक खणला, आणि मी आत बसून दर महिन्याला भाडं भरतोय. याला म्हणतात मराठ्यांचा विजय."

लोकांना हे सांगितलं की लोक हसतात. मीही कित्येक वर्षं हसूनच सांगत होते. आता तसं सांगवत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आमचं टपाली बुद्धिबळाचं मंडळ होतं. साठेक माणसं, सगळी मराठी आणि सगळी नोकरीपायी महाराष्ट्राबाहेर जाऊन पडलेली. कोणी भिलाईला, कोणी जबलपूरला, कोणी जमशेदपूरला, हैदराबादला. बदलीच्या गावात मराठी बोलायला कोणी नसायचं आणि संध्याकाळ खायला उठायची. तेव्हा एकाने कार्डावर चाल कळवायची आणि दुसऱ्याने कार्डावर उत्तर द्यायचं. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे दिलेले असत. सोंगटी निघाली ते घर आणि पोचली ते घर, असे चार आकडे लिहिले की झाली चाल. खाली सही. एक डाव संपायला वर्ष-दीड वर्ष लागे. माणसं एकमेकांना जन्मात भेटत नसत.

आणि जी माणसं भेटत नाहीत ती किती भांडतात, ते मी चिटणीस झाल्यावर पाहिलं. "तीन दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे, याने नऊ लावले आणि खापर पोस्टावर फोडलं." "याला नक्की कोणीतरी मागून शिकवतंय." "यांनी चालीखाली 'आता रडा' असं लिहिलं आहे." एरवी शेजाऱ्याशी अदबीने बोलणारी, सत्यनारायणाला घरी बोलावणारी ही माणसं. पण समोर तोंड दिसत नसलं की त्यांच्या हातून काय वाटेल ते लिहिलं जाई.

या सगळ्या तक्रारी पंचांकडे येत. ते स्वतः कधीही खेळत नसत. सोंगट्या कशा चालतात एवढं त्यांना माहीत होतं, आणि त्यापलीकडे शिकायला त्यांचा ठाम नकार होता. "ज्याला खेळ कळतो तो बाजू घेतो," ते म्हणत. एका मोठ्या कचेरीत, हरवलेल्या मालाच्या तक्रारींच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली होती. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. धोतरावर बंद गळ्याचा कोट, दुर्गापूजा संपली की गळ्याला मफलर, आणि खिशात एक भिंग. ते भिंग पोस्टाच्या शिक्क्यांसाठी. कार्ड कोणत्या गावातून कोणत्या तारखेला निघालं हे ते पुसट शिक्क्यावरूनही सांगत, आणि खोटं बोलणारा तिथेच सापडे.

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची. एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत नोकरीला होते. शनिवारी अर्धा दिवस, मग ट्राम धरून बागबाजार. आठवड्याची कार्डं लावायची, नोंदवहीत लिहायची, निकाल कळवायचे. ते मला "चिटणीसबाई" म्हणत, आणि दर शनिवारी समोरच्या दुकानातून मातीच्या भांड्यातलं गोड दही मागवून माझ्यापुढे ठेवत. स्वतः खात नसत. मी खाताना मात्र लक्ष ठेवून असत, भांड्याच्या तळाशी काही राहिलं तर रागवत.

तक्रारींचे त्यांचे नियम छापलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. पहिला नियम, तक्रार कार्डावरच. पाकिटातून चार-चार पानं आली तर न वाचता परत. "कार्डावर मावत नाही ती तक्रार नव्हे, तो स्वभाव." दुसरा नियम, आलेली तक्रार बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि अकरा दिवस झाकण उघडायचं नाही. याला ते "मुरवणं" म्हणत. मी पहिल्यांदा विचारलं, "अकराच का हो काका?" तर म्हणाले, "माणसाचा अहंकार दुखावला म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखंच. दहा दिवस सुतक. अकराव्या दिवशी आंघोळ करून शहाणा होतो."

आणि खरंच व्हायचे. निम्म्याहून जास्त तक्रारी अकरा दिवसांच्या आत मागे घेतल्या जात. नवव्या-दहाव्या दिवशी कार्ड यायचं, "रागाच्या भरात लिहिलं, माफी असावी." पंच दोन्ही कार्डं एकमेकांवर ठेवून फाडत आणि तुकडे खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकत. मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. डब्यात पडलेल्या माणसाला ते अकरा दिवस कसे जात असतील, हा विचार मला तेव्हा शिवलासुद्धा नाही.

शिवीगाळीची कार्डं ते लिहिणाऱ्याला परत पाठवत. शिवीखाली तांबडी रेघ आणि समासात बारीक अक्षरात, "ही चाल नियमात बसत नाही. 'गाढव' ही सोंगटी कोणत्या घरातून निघाली ते कळवावे."

जबलपूरचे एक आणि नागपुराहून बदलून इंदूरला गेलेले एक, या दोघांचं तर दोन वर्षं पेटलं होतं. जबलपूरकरांचं म्हणणं, समोरचा लबाडीने जिंकत आला आहे. इंदूरकरांचं म्हणणं, जबलपूरकर हरणारा डाव मुद्दाम रेंगाळवतात. पंचांनी अकराव्या दिवशी निकाल दिला, "दोघांनी पट फिरवावा." म्हणजे डाव आहे तिथून पुढे, पण काळ्यांनी पांढरे घ्यायचे आणि पांढऱ्यांनी काळे. जबलपूरकर त्या जिंकत आलेल्या बाजूने नऊ चालींत हरले. पुन्हा त्यांचं लबाडीबद्दल कार्ड आलं नाही. पुढे इंदूरकरांच्या मुलीच्या लग्नाला ते आहेर घेऊन गेले म्हणे.

एकदा पोलीस आले. ते दिवसच तसे होते. भिंती घोषणांनी भरलेल्या, गल्ल्यांतून धरपकड, आज इथे बंद तर उद्या तिथे. एका घरात आठवड्याला तीस-चाळीस कार्डं येतात आणि त्यांतल्या, पुरावा म्हणून पाठवलेल्या कितीतरी कार्डांवर नुसते आकडे असतात, हे कोणाच्या तरी नजरेला आलं. साध्या कपड्यातला एक अधिकारी तीन कार्डं हातात घेऊन वर आला. मी तिथेच होते. तो म्हणाला, "एगुलो की? कोड?" पंचांनी शांतपणे वर्तमानपत्र उचललं. भरती, सकाळी अमुक वाजून तमुक मिनिटं. अधिकारी चिडून ओरडला तेव्हा पंचांनी त्याच्यापुढे एक कोरं कार्ड सरकवलं.

त्या दुपारी त्यांना ठाण्यावर नेलं. चार तास बसवून ठेवलं. शेवटी बुद्धिबळ खेळणारा एक वयस्क अधिकारी निघाला, त्याने पट मागवला, तिन्ही कार्डांवरचे आकडे मांडून पाहिले आणि पोटभर हसला. पंच परत आले, कोट खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "सज्जन माणूस. पण त्याची अर्ज करायची पद्धत चुकीची होती."

तेव्हा माझा ऊर भरून आला होता. वाटलं, हा माणूस कोणाला भिणार नाही आणि कोणासाठी वाकणार नाही. त्यातलं दुसरं माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

माझे बाबा मंडळाचे अगदी सुरुवातीचे सभासद. बजबजच्या तेलाच्या डेपोत नोकरी झाली, निवृत्तीनंतर आम्ही तिथेच राहिलो. पंचांची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट एकदाच, कुठल्याशा गणपतीत. पण कार्डांवरची ओळख वीस वर्षांची. मला चिटणीस करा, असं पंचांना बाबांनीच सुचवलं होतं.

एका जानेवारीत बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात राहिला आणि डोकं राहिलं. डोकं राहिलं हे आम्हाला सातव्या दिवशी कळलं. आई खोली झाडत होती, आणि त्यांनी डाव्या हाताने कोनाड्यातल्या पटाकडे बोट केलं.

तेव्हापासून घराला घडी बसली. सकाळी आई त्यांची दाढी करायची, उशांना टेकवून बसवायची, मांडीवर पाट आणि पाटावर पट. साडेअकराला टपालवाला यायचा. त्याच्या सायकलची घंटा वाजली की बाबांची मान दाराकडे वळायची. ते सहा डाव खेळत होते. आलेली चाल आई पटावर करून दाखवायची, मग ते तास-दोन तास बघत बसायचे आणि डाव्या हाताने सोंगटी हलवायचे. आईला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरांचे आकडे मी पटावर चिकटवून ठेवले होते, ते बघून ती चार आकडे लिहायची आणि कार्ड टाकून यायची.

बाबांचा खेळ सुधारला. हसू येतं, पण खरं आहे. पूर्वी बाजारहाट, बँक, शेजारपाजार यांतून वेळ काढून खेळायचे, आता दुसरं कामच नव्हतं. आणि त्या सहा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की बाबा आजारी आहेत. ते कळवायचं नाही, असं बाबांनीच खुणेने बजावलं होतं. घरी भेटायला येणारे सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, तोडून तोडून बोलत. कार्डं लिहिणारे मात्र त्यांना घाबरून खेळत. तिथे ते पहिल्यासारखे होते, आणि तेवढ्या एका जागेवर ते जगत होते.

पंचांना मी पहिल्याच शनिवारी सगळं सांगितलं होतं. ही तक्रार नव्हती, आजार होता, म्हणून त्यांनी पेपर उचलला नाही. फार हळहळले. मालिशसाठी कुठल्याशा वैद्याकडचं तेल मिळवून दिलं. दर शनिवारी विचारायचे, "आज कसे आहेत?" मी सांगायचे, "कालची चाल बघायला हवी होती काका, भिलाईकरांचा हत्ती अडकवलाय." तेही हसायचे.

मार्चमध्ये त्या भिलाईकरांचं कार्ड आलं. मीच ते नोंदवलं. तिथले एक इंजिनिअर होते, बाबांकडून हरत आले होते. त्यांनी लिहिलं होतं, "दोन महिन्यांपासून अक्षर वेगळे आहे, बायकी वाटते. खेळही एकाएकी सुधारला आहे. चाली त्रयस्थ व्यक्ती करत असावी. चौकशी व्हावी."

मी कार्ड पंचांना दाखवलं आणि हसले. ते हसले नाहीत. त्यांनी ते डब्यात टाकलं.

ते कार्ड अकरा दिवसांसाठी डब्यात गेलं. मधल्या शनिवारी भिलाईकरांचं दुसरं कार्ड आलं. "फार विचार केला. हरतो आहे म्हणून संशय घेतला. तक्रार मागे घेतो, खेळ चालू द्यावा." मी सुटकेचा श्वास सोडला आणि दोन्ही कार्डं फाडायला एकावर एक ठेवली. पंचांनी माझा हात धरला.

"थांबा चिटणीसबाई. सही बघितलीत?"

झालं होतं असं, की नियमाप्रमाणे चाल कोणीही लिहिली तरी चालायची, पण सही खेळाडूचीच हवी. आईला हा नियम ठाऊक नव्हता. कार्डावर सहीची जागा रिकामी ठेवणं तिला बरं वाटेना, म्हणून तीच बाबांचं नाव लिहायची. तीस वर्षं तोंडाने ते नाव न घेतलेली बाई, किती जपून, वळणदार लिहायची ते. शेपटीसकट सही उतरवायचा प्रयत्न करायची. मी ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण बाबांची कार्डं बजबजहून थेट खेळाडूंना जात. पंचांनी भिलाईकरांकडून नमुन्याची कार्डं मागवून घेतली होती आणि भिंग लावलं होतं.

"ही खोटी सही आहे," ते म्हणाले.

"काका, आईने केलीय. तिला कळत नाही. बाबांचा उजवा हात चालत नाही, तुम्हाला माहीत आहे ना!"

"मला माहीत आहे. पंचांना माहीत नाही. पंचांना कार्डावर येतं तेवढंच कळतं."

"पण भिलाईकरांनी तक्रार मागे घेतली!"

"तक्रार मागे घेतली म्हणून सही खरी होते का?"

त्यांनी बाबांना नोटीस पाठवली. स्वतःच्या हातची सही कार्डावर करून पाठवावी, एवढंच तीत होतं. मला वाटलं, काय मोठंसं! पण बाबांनी ती नोटीस वाचली आणि त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती तीन आठवडे उतरली नाही. रोज सकाळी पटाआधी डाव्या हाताने सही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. आधी नुसत्या रेघा, मग काहीतरी अक्षरासारखं. आई कागद घट्ट धरून बसायची. घामाने त्यांचा सदरा ओला व्हायचा. एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी पूर्ण नाव उमटलं. वेडंवाकडं, पण पूर्ण. त्या दिवशी आईने शिरा केला.

ते कार्ड पुढच्या शनिवारी पंचांच्या टेबलावर होतं. त्यांनी जुन्या वहीतली बाबांची वीस वर्षांपूर्वीची सही काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या, भिंग धरलं. बराच वेळ बघितलं.

"जुळत नाही," ते म्हणाले.

"कशी जुळेल? डाव्या हाताची आहे!"

"ते या कार्डावर लिहिलेलं नाही."

"लिहायला कसं लावणार! आजार कोणाला कळू द्यायचा नाही म्हणतात ते. काका, तुम्ही एकदा या. बजबज काय लांब आहे? सियालदाहून गाडीत बसायचं. एक तास त्यांच्याशेजारी बसा, ते खेळतात कसे ते डोळ्यांनी बघा, आणि मग..."

मी उभी राहून बोलत होते. त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

"भरती, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं."

मी ओरडले. आयुष्यात मोठ्या माणसासमोर इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. "ते मरतील काका! कार्डं थांबली तर मरतील ते!" पंचांचा आवाजही चढला. "ओहोटी, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं!" खाली घरमालकिणीने काहीतरी विचारलं. मग मीच थांबले. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि माझ्याकडे न बघता कार्ड पुढे सरकवलं. 

आणि मी काय केलं? मी बसले. लिहिलं. बाबांना न विचारता त्यांचा आजार लिहिला, डावा हात लिहिला, आईची चूक लिहिली, ते सगळं एका कार्डावर मावेल इतक्या बारीक अक्षरात. मग तीन जिने उतरले, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं आणि घरी गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, कारण मी चिटणीस होते. माझं कार्ड डब्यात होतं. मी त्या डब्याशेजारी बसून बाकीच्यांची कार्डं लावली. दही आलं होतं, तेही खाल्लं.

दरम्यान नियमाप्रमाणे बाबांचे सहाही डाव स्थगित झाले होते आणि खेळाडूंना तसं कळवलं गेलं होतं. कळवणारी मीच. सहा कार्डं, सहाही माझ्या हातची.

घरी साडेअकराला सायकलची घंटा पुढच्या गल्लीत वाजून निघून जाऊ लागली. बाबांची मान दाराकडे वळायची. पहिला आठवडा, दुसरा आठवडा. मी म्हटलं, मी खेळते तुमच्याशी. दोन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा वजीर उचलला, माझ्या ओंजळीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. दया त्यांना लगेच ओळखू यायची. मग एक दिवस आई दाढी करायला गेली तर त्यांनी हात झटकला. मग उशांना टेकून बसेनात. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम हवं. मेअखेरीस ते आईला ओळखायचे, मला कधी ओळखायचे, कधी नाही.

माझ्या कार्डाचं उत्तर बाराव्या दिवशीच आलं होतं, नियमाप्रमाणे. "प्रकरण अपवादात्मक आहे. पंच सवडीने प्रत्यक्ष पाहणी करतील." पंच कधी कोणाच्या घरी गेले नव्हते. हा निर्णय घेणं त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. जबलपूरकरांना असं कार्ड आलं असतं तर त्यांनी ते चौकटीत लावून ठेवलं असतं. पण मग एक बंद आला, मग दुसरा, मग त्यांना ताप आला, मग रुळांवर पाणी. ते आले जुलैच्या शेवटी, एका रविवारी. बंद गळ्याचा कोट घालून, धोतर चिखलाने भरलेलं, बगलेत घडीचा पट.

त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. पाट मागवला, पट उघडला, भिलाईकरांचा थांबलेला डाव वहीत बघून एक-एक सोंगटी मांडली. मांडताना दोनदा तपासलं. मग खिशातलं घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "तुमची चाल."

बाबांनी पटाकडे बघितलं. मग डाव्या हाताने एक उंट उचलला. आई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली. बाबांनी उंट चाचपला, उलटा करून पाहिला, आणि पांघरुणावर ठेवला. मग प्यादं उचललं, तेही पांघरुणावर. पंचांनी दोन्ही उचलल्या. सोंगट्या पुन्हा जागेवर ठेवल्या. "तुमची चाल." पुन्हा तेच. एक तास, घड्याळ लावून, ते तिथे बसून होते. शेवटी शेवटी बाबांना झोप लागली.

पंचांनी पट मिटला. आईने चहा आणि चिवडा आणला. माझ्यासमोर दोन वर्षांत त्यांनी पाण्याशिवाय कशाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी चिवडा संपवला, थोडा आणखी मागितला. चेहऱ्यावर इतकी स्वस्थता होती, की आईला वाटलं काहीतरी चांगलं झालं. ती म्हणाली, "मग आता कार्डं सुरू होतील का हो?"

"वहिनी, आता विश्रांती घेऊ द्या त्यांना," ते म्हणाले.

बाबा त्यानंतर सव्वा वर्ष होते. पटाकडे त्यांनी पुन्हा बोट केलं नाही. मी चिटणीसपद पुढच्याच महिन्यात सोडलं, कारण लिहिलं, कामाचा ताण. पंच पुढेही बरीच वर्षं निवाडे करत राहिले. कोणी नवीन सभासद निकालावर कुरकुरला की त्याला बजबजची हकीकत सांगत, असं कानावर येई. दिसायला कठोर वाटणारा निकाल शेवटी कसा बरोबर निघतो, त्याचं उदाहरण म्हणून.

त्या रविवारी मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. रस्ता घसरडा होता, म्हणून त्यांनी माझा हात धरला होता. अर्ध्या वाटेत ते थांबले. "चार महिने झोप नव्हती बघा," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्या हातून जन्मात एक तरी चुकीचा निकाल गेला की काय. आज सुटलो. ते खेळत नव्हते हे तुम्हालाही दिसलं ना? तक्रार खरी होती."

मार्चमध्ये ते खेळत होते. हे चार शब्द माझ्या तोंडात होते. गाडी यायला अजून दहा मिनिटं होती, आणि तिथे त्यांच्या हाताशी वर्तमानपत्रही नव्हतं.

मी "हो काका" म्हटलं आणि त्यांना डब्यात चढवून दिलं. म्हाताऱ्या माणसाला काय दुखवायचं, असं मी घरी येऊन आईला सांगितलं. ते खोटं होतं. मला भांडताच आलं नाही. दोन वर्षं दर शनिवारी मी त्या माणसाकडे भांडणं कशी मिटवतात ते शिकत होते, आणि चांगलीच शिकले होते.